नंबर येतो, आवाज येत नाही

रमजान लागायच्या आधीचा गुरुवार, तीनशे ऐंशी रियाल, आणि हजर आम्ही चौघं: आई, बाबा, दिलीपकाका आणि मी. पैसे आईने दिले. वर्षभर घरखर्चातून वाचवून तिने ते चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवले होते, बहुतेक पाच आणि दहाच्या नोटा, त्यामुळे मोजायला वेळ लागला. आधी मी मोजले, मग काकाने. दोघांचा आकडा जुळला तेव्हा काका म्हणाला, "वहिनी, हे उसने. लग्नाआधी परत करीन." आई म्हणाली, "मला नकोत. परत करण्याऐवजी तुझ्या नवरीसाठी काहीतरी घे." बाबा दाराची कडी नीट बसली आहे ना, हे दुसऱ्यांदा बघून आले.

त्या पैशात काकाने जे आणलं ते डालडाच्या डब्याएवढं काळं यंत्र होतं. त्याला आम्ही नेहमी 'यंत्र'च म्हटलं, स्कॅनर हा शब्द बाबा घरात उच्चारू देत नसत. काकाच्या जुन्या कंपनीतला एक इंजिनीअर देश सोडून चालला होता, त्याने ते विकायला काढलं होतं. पोलिसांचं बोलणं त्यावर ऐकू यायचं. साधा रेडिओ एका जागी लावला की तिथेच राहतो, पण रियाधच्या पोलिसांचं तसं नव्हतं. त्यांचं बोलणं एका वाक्याला इथे तर दुसऱ्या वाक्याला तिथे उडी मारायचं, आणि ते कुठे जातंय याचा माग ठेवणारं असंच यंत्र लागायचं. मला ते समजेना, तेव्हा काका म्हणाला, "बाय, वाडीतलं पोर असतं ना, सकाळी एका घरी खातं, दुपारी दुसऱ्या घरी झोपतं? घर बघत बसलीस तर सापडायचं नाही. पोर कुणाचं ते बघायचं. इथे प्रत्येक पोराला नंबर आहे. हे यंत्र नंबरामागे धावतं." वाहतूकवाल्यांचा नंबर वेगळा, गस्तीचा वेगळा. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांचा, म्हणजे परदेशी लोकांचे कागद बघणाऱ्या जवाजत खात्याच्या तपासणी पथकांचा, नंबर होता बावीसशे आठ. यंत्राच्या काचेच्या पाटीवर २२०८ उमटलं की पाठोपाठ आवाज यायचा.

आमच्या तिघांचे कागद व्यवस्थित होते. बाबा अल सुलै भागात एका गोदामात हिशेबनीस होते. प्रश्न काकाचा होता. तो बाबांचा धाकटा भाऊ, गुहागरकडचा, गाड्यांमध्ये रेडिओसंच बसवणारा कारागीर. ज्या कंपनीने त्याला आणलं ती बुडाली, कफील, म्हणजे ज्याच्या नावावर तो देशात होता तो मालक, फोन घेईनासा झाला, आणि काकाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला. इकामा नसलेला माणूस रस्त्यावर सापडला की आधी कोठडी, मग विमान, आणि पुन्हा येण्याची दारं बंद. काका अल सुलैमध्येच एका यार्डात ट्रकांचं वायरिंग करायचा आणि तिथेच पत्र्याच्या खोलीत राहायचा. त्याला आपल्या नावावर घ्यायला एक नवा कफील तयार झाला होता, पण जुन्याचं सोडपत्र मिळाल्याशिवाय काही होत नव्हतं. गावी त्याचा साखरपुडा झालेला होता. सुमन नाव, प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्न दोनदा पुढे ढकललं होतं. तिसऱ्यांदा ढकललं तर मुलीकडचे थांबणार नाहीत, असं पत्र आलं होतं.

यंत्र तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात राहायचं आणि त्याच्या एरियलची वायर कपडे वाळत घालायच्या तारेला गुंडाळलेली असायची. काकाला यार्डात ते ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ऐकायचं काम आईकडे आलं. सुरुवातीला तिला शुक्रन आणि खलास एवढेच शब्द येत होते. बाबांना बारा वर्षांत आलं नाही तेवढं अरबी तिला त्या डब्यातून सहा महिन्यांत आलं. ती भाकरी थापायची, नारळ खवायची, आणि कान तिकडे. दिवसा बोलणाऱ्या एका माणसाला सारखा खोकला यायचा, त्याचं नाव तिने खोकल्या ठेवलं होतं. "अगं, आज खोकल्याचा घसा बसलाय," ती मला शाळेतून आल्यावर सांगायची, "कुणीतरी याला आल्याचा चहा पाजा." तो कुणावर ओरडला तर ती कढईवर झाकण आपटायची, आणि तो हसला तर तीही हसायची, का ते न कळता. घराबाहेर एकटीने जायची सोय नसलेल्या त्या बाईला बावीसशे आठमुळे सगळं शहर पाठ झालं होतं. रिंगरोडची कुठली एक्झिट कुठे, कुठल्या पुलाखाली गाड्या अडवतात, कुठल्या बाजारात गर्दी, हे ती बाबांना सांगायची. बाबा म्हणायचे, "तुला एकदा टॅक्सीच काढून देतो." आज मी पुण्यात रोज तासभर गाडी चालवते, पण तिच्याइतकं एकही शहर मला कळलेलं नाही.

मी पंधरा वर्षांची होते आणि मला आकडे आवडायचे. आई ऐकायची, मी लिहायचे. एका दोनशे पानी वहीत मी रकाने आखले होते: तारीख, वेळ, 'तफ्तीश' किती वेळा ऐकू आलं, आणि कुठे. तफ्तीश म्हणजे तपासणी, आमच्या कामाचा शब्द तेवढाच. त्यांच्या डावीकडे मी आणखी एक रकाना केला होता: पाटीवर नंबर किती वेळा उमटला. तो कुणी मागितला नव्हता, तो माझ्या हौसेचा. दर वेळी नंबर दिसला की एक उभी रेघ, पाच झाल्या की आडवी. शुक्रवारी सकाळी साधारण वीस-पंचवीस व्हायच्या. तफ्तीश मात्र कधी दोन, कधी शून्य.

शुक्रवार काकाचा आमच्याकडे जेवायचा दिवस. पद्धत ठरलेली होती. सकाळी आठपासून आई ऐकत बसायची. सव्वादहाला ती मला विचारायची, "किती?" मी तफ्तीशचा आकडा सांगायचे. शून्य असला की ती घरच्या फोनवरून काकाच्या मोबाइलला दोन घंटा द्यायची आणि ठेवून द्यायची. दोन घंटा म्हणजे ये. घंटा नाही म्हणजे येऊ नको. उचललाच नाही तर पैसे पडत नाहीत, ही युक्ती तेव्हा आपल्या प्रत्येक माणसाला येत होती. अकरा-सव्वाअकरापर्यंत काका बशीर नावाच्या मल्याळी सोबत्याच्या पिकअपमधून यायचा, आणि जिन्यातूनच ओरडायचा, "वहिनी, वास खालपर्यंत येतोय. पोलीस वासावरनं पकडतील मला!" आई म्हणायची, "गप, गिळायला बस." माशाला तिथे कनाद म्हणत, ती आपली सुरमईच. गावाहून आलेली तिरफळं आई मोजून वापरायची, एका कालवणाला सात. काका जेवून झाल्यावर ताटातली तिरफळं काठाला ओळीने मांडायचा. "मला तीनच आली. तुझ्या बाबाच्या ताटात चार. हा अन्याय आहे." बाबा हसायचे. ते हसायचे असे दिवस आठवड्यातून एकच होते.

अशी एक्केचाळीस शुक्रवारांची नोंद वहीत आहे. तेहतीस वेळा दोन घंटा गेल्या, तेहतीस वेळा काका आला. आठ वेळा गेल्या नाहीत, आठही वेळा तो आला नाही.

ऑगस्टमध्ये जुन्या कफीलचं सोडपत्र आलं. काकाने ते बाबांच्या कपाटात ठेवायला दिलं, यार्डातल्या खोलीला धड कुलूपही नव्हतं. नव्या कफीलची सही शनिवारी सकाळी ठरली. म्हणजे शुक्रवार हा काकाचा कागदाविना शेवटचा दिवस. गुरुवारी रात्री बाबा म्हणाले, "दिल्याला उद्या कशाला फिरवायचा? मी संध्याकाळी जाऊन पत्र त्याच्या हातात देतो." आईने ऐकलं, पण तिने दुपारीच मासे आणून ठेवले होते. "आजवर कधी चुकलंय का?" ती म्हणाली. "रस्ता मोकळा असला तरच बोलावीन. शेवटचं लपूनछपून जेवण त्याचं. पुढच्या शुक्रवारी येईल तो ताठ मानेने, टॅक्सीने." बाबांनी वाद घातला नाही. आईच्या कानांवर त्यांचाही विश्वास बसला होता.

बुधवारपासून यंत्रात खोकल्याचा आवाज नव्हता. आईला त्याचं नवल वाटलं नाही. "सुटीवर गेला असेल. उन्हाळ्याचे सगळेच जातात. बायकोमुलांना घेऊन थंड हवेला गेला असेल बिचारा, खोकला तरी कमी होईल." बाकीच्यांचाही नव्हता, तर ती म्हणाली, पथकंच सुटीवर असतील. वाहतूकवाल्यांचा आवाज स्वच्छ येत होता, म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी आठला आम्ही बसलो. आईच्या पुढ्यात नारळ, माझ्या पुढ्यात वही. एसी घरघरत होता. पाटीवर २२०८ उमटलं, आवाज नाही. मी रेघ ओढली. पुन्हा उमटलं, आवाज नाही. रेघ. इतक्या भराभर नंबर येत होता की मला आडव्या रेघा ओढायला मजा वाटत होती. नऊ वाजेपर्यंत डावा रकाना भरून गेला आणि मला समासात लिहावं लागलं. आई पाटीकडे बघत नसे. ती कधीच बघायची नाही, तिला चष्मा लागला होता आणि स्वयंपाक करताना ती तो काढून ठेवायची. ती ऐकत होती, आणि ऐकण्यासारखं काही नव्हतं.

सव्वादहाला तिने हात पुसले. "किती?"

माझ्या वहीत डावीकडे एकसष्ट रेघा होत्या. उजवीकडे तफ्तीशच्या रकान्यात काही नव्हतं. तिने जे विचारलं त्याचं बरोबर उत्तर मी दिलं. "शून्य."

आईने दोन घंटा दिल्या.

साडेअकराला भात झाला. बाराला जुम्म्याची अजान झाली. आईने भातावर ताट ठेवलं, ताटावर ओलं फडकं. साडेबाराला बाबा म्हणाले, "गाडी बंद पडली असेल." फोन वाजला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, तेही मी लिहून ठेवलं. बशीर होता. बाबांनी फोन कानाला लावला. एक्झिट सोळाच्या अलीकडे गाड्या अडवत होते. बशीरचा इकामा बघून त्याला सोडलं, काकाला उतरवून घेतलं. उतरताना काका त्याला म्हणाला होता, "वहिनीला सांग, जेवून घ्या."

आम्ही जेवलो नाही. ते कालवण आईने संध्याकाळी टाकून दिलं. आमच्या घरी अन्न कधी टाकलं जात नसे.

नवा कफील शनिवारी तासभर थांबला आणि मग निघून गेला. बाबा सोडपत्र घेऊन तीन कार्यालयांत गेले. सगळीकडे त्यांना एकच सांगितलं, की पकडल्यावर आता त्याचा उपयोग नाही. कुणी उद्धटपणे बोललं नाही, एकाने तर पाणी दिलं. काका बावीस दिवस आत होता. बाबांनी कपड्यांची बॅग नेऊन दिली, ती गर्दीत कुठे गेली कळलं नाही, आणि आमच्याकडे जेवायला यायला घातलेल्या निळ्या चौकडीच्या सदऱ्यातच तो मुंबईला उतरला. सुमनच्या वडिलांनी दिवाळीपर्यंतसुद्धा वाट बघितली नाही. त्यांना दोष देता येत नाही. दोनदा थांबले होते ते.

आठवडाभराने बशीर काकाची हत्यारांची पेटी द्यायला आला. तोही रेडिओचंच काम करायचा. आई त्याला म्हणाली, "भाईसाब, ये मशीन देखो. मेरा कान खराब हुआ क्या? बुधवार से कुछ सुनाईच नहीं दिया." बशीरने डबा उघडून यंत्र चालू केलं. पाटीवर २२०८ उमटलं. शेजारी एक बारीक खूण होती, ती माझ्या आधी कधी लक्षात आली नव्हती. ती बघून तो म्हणाला, "भाभी, ये चुप नहीं है. ये बोल रहा है, आपको सुना नहीं रहा. उन लोगों ने आवाज़ को ताला लगा दिया." आईला समजलं नाही. त्याने बोट ठेवून दाखवलं. "देखो, नंबर आया न? मतलब अभी कोई बात कर रहा है. जितना नंबर, उतनी बात."

मी दारातच उभी होते. जितना नंबर, उतनी बात. एकसष्ट. एक्केचाळीस शुक्रवारांत तो आकडा तिसावरही कधी गेला नव्हता. त्या सकाळी कधी नव्हे एवढी पथकं रस्त्यावर होती आणि ती सगळी माझ्या वहीत होती, पाच-पाचाच्या जुड्या बांधून, समासापर्यंत.

बशीर गेल्यावर आई स्वयंपाकघरात आली. "त्या दिवशी किती वेळा आला होता गं नंबर?" तिने सहज विचारलं. तिला त्या रकान्याची कल्पना नव्हती. मी म्हणाले, "मोजलं नव्हतं." आयुष्यात आकड्याच्या बाबतीत मी बोललेलं ते एकमेव खोटं. वही मी शाळेच्या दप्तरात घातली, आणि तिथून ती माझ्याबरोबर सगळ्या घरांतून फिरली. अजून आहे.

आईने यंत्र बशीरकडेच देऊन टाकलं. डबा घासून, उन्हात ठेवून त्यात पुन्हा तांदूळ भरले. त्यानंतर ती कधी अरबी बोलली नाही. दुकानात गेली तर वस्तूकडे बोट दाखवायची, आणि ज्याला ती आधी "कम हादा" म्हणून भाव विचारायची तो दुकानदार बाबांना म्हणायचा, मदाम रागावली आहे का. ती रागावलेली नव्हती. "माझ्या कानांनी घात केला," एवढंच ती एकदा म्हणाली, पोळी लाटताना, कुणालाही उद्देशून नाही. तेव्हा मी तिला थांबवू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. मग म्हटलं, दहावीची परीक्षा होऊ दे. मग म्हटलं, भारतात गेल्यावर. मग माझं लग्न, तिची बायपास, बाबांचं जाणं. खोटं जुनं झालं की ते खरं सांगणंच जास्त वाईट वाटायला लागतं, असा माझा अनुभव आहे. कदाचित तो माझ्यापुरताच असेल.

म्हातारपणी तिला खरंच कमी ऐकू यायला लागलं. मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, मशीनचे दर काढले, तीन कंपन्यांचे. तिने कागद हातात घेऊन बघितला आणि परत दिला. "या कानांवर आता खर्च नको," ती म्हणाली. मी तेव्हाही काही बोलले नाही. गेल्या वर्षी ती गेली.

तिच्या कपाटात एक पाकीट सापडलं. काकाच्या हातचं, वर लिहिलेलं: 'वहिनीस. तीनशे ऐंशी रियाल, दर बाराप्रमाणे, रुपये चार हजार पाचशे साठ.' परत आल्यानंतर दोन वर्षांनी त्याने ते गुहागरहून पाठवलं होतं. आईने फोडून, मोजून, पुन्हा बंद करून ठेवलेलं. आत पाचशेच्या नऊ नोटा, एक पन्नासची, एक दहाची. पाचशेच्या नोटा जुन्या, नोटबंदीत रद्द झालेल्या. तेव्हा सगळं घर नोटा शोधत होतं आणि आई हे पाकीट बाहेर काढत नव्हती.

काका चिपळूणला मिक्सर-इस्त्री दुरुस्तीचं दुकान चालवतो. लग्न केलं नाही. मी काहीतरी निमित्त हवं म्हणून घरचा मिक्सर घेऊन गेले, पुण्याहून चिपळूणला, आणि त्याने तो बघताच ओळखलं. "कपलिंग गेलंय. याच्यासाठी पुण्यात कुणी मेलं नव्हतं का?" तो स्क्रू काढायला लागला आणि मी वही उघडून काउंटरवर ठेवली. ते पान. त्याने चष्मा वर करून बघितलं. उभ्या रेघा, आडव्या रेघा, समास. तो कारागीर माणूस, त्याला समजावावं लागलं नाही. तरी मी सांगितलं, सगळं, किती विचारलं आणि मी काय म्हणाले, आणि आई मरेपर्यंत काय समजत राहिली.

तो स्क्रू तळहातावर फिरवत होता. "मलाच कळायला हवं होतं," तो म्हणाला. "पोलिसांच्या त्या गाड्यांत रेडिओच्या पेट्या मी बसवलेल्या. आज ना उद्या आवाजाला टाळं लागणार, हे मला ठाऊक होतं." मग, "आणि बाय, घंटा नसत्या आल्या तरी मी त्या दिवशी आलोच असतो. सुरमई होती."

तो कधीच घंटा आल्याशिवाय आलेला नव्हता. आठ वेळा नाही, म्हणजे आठही वेळा नाही. वही आमच्या दोघांच्या मध्ये उघडीच होती आणि मागची पानं उलटली असती तर मला ते दाखवता आलं असतं. मी पानं उलटली नाहीत.

"वहिनीला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," तो खाली बघून म्हणाला. एवढंच. त्यात राग नव्हता, म्हणून ते मला अजून पेलत नाही.

मी पाकीट पुढे केलं. त्याने स्वतःचं अक्षर वाचलं, आतल्या नोटा बघितल्या, आणि ते माझ्याकडे सरकवलं. "ते वहिनीचे. फिटलं ते." मिक्सर फिरवून बघितला, दोनदा, कान जवळ नेऊन आवाज ऐकला, आणि पावतीपुस्तक ओढलं. कपलिंग साठ रुपये. मजुरीच्या पुढे त्याने एक रेघ ओढली.

पाकिटातून मी पन्नासची आणि दहाची नोट काढली. त्याने त्या ओळखल्या, तरी गल्ल्यात टाकल्या. साठ रुपये, रोख, दिलीपकाकाला. पावती वहीत त्याच पानाला लावून ठेवली आहे.